मेडिकलमधल्या ताईंना, मनापासून

ताई, सप्रेम नमस्कार.

वयानं तुम्ही माझ्या धाकट्या लेकीएवढ्या असाल, तरी ताईच म्हणते. नातवाचा कान आता बरा आहे. डॉक्टरांनी आत बघून सूज उतरल्याचं सांगितलं, त्यांचे आभार तिथल्या तिथं मानले. तुमचे मात्र काउंटरवरच्या गर्दीत नीट मानता आले नाहीत. शिवाय ते चार लोकांच्या कानावर जावेत असंही वाटलं, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

चिठ्ठी हातात घेतल्या घेतल्या तुम्ही विचारलंत, "बाळाचं वजन किती?" मग, "पेनिसिलिनच्या औषधानं कधी अंगावर गांधी उठल्या होत्या का? ओठ-डोळे सुजले होते का?" एवढं विचारून झाल्यावरच तुम्ही खोका काढलात. मागच्या वेळी याच औषधाचं माप मोठं होतं, यंदा डॉक्टरांनी कमी का लिहिलं, असं मी सहज बोलले. गर्दी असूनही तुम्ही दोन खोकी शेजारी ठेवून दाखवलीत. एकावर 228.5, दुसऱ्यावर 457. नाव एकच, वासही तोच. पण पहिल्याच्या 5 एमएलमध्ये अमॉक्सिसिलिन, म्हणजे यातलं मुख्य अँटिबायोटिक, 200 मिलीग्रॅम आणि दुसऱ्याच्या तेवढ्याच 5 एमएलमध्ये 400. जुन्या आठवणीनं कुणी माप घेतलं तर लेकराच्या पोटात दुप्पट औषध जाईल किंवा निम्मंच जाईल. तुम्ही बाटलीवर पेनानं मोठ्या अक्षरांत किती एमएल ते लिहिलंत आणि म्हणालात, "आजी, माप दर वेळी नव्या चिठ्ठीवरचं."

मग ती पावडर. ड्राय सिरपात, म्हणजे बाटलीतून पावडर म्हणून येणाऱ्या औषधात, पाणी घालायला कितीतरी ठिकाणी मेडिकलवालेच आत नेऊन घालून देतात, आपल्याला काहीच दिसत नाही. तुम्ही सगळं माझ्या हातानं करवून घेतलंत. आधी बाटली आपटून तळाशी बसलेली पावडर मोकळी करायची. उकळून पूर्ण गार केलेलं पाणी बाटलीवरच्या खुणेच्या खाली राहील एवढंच घालायचं, झाकण लावून खूप हलवायचं. फेस बसू द्यायचा आणि मग खुणेपर्यंत पाणी पुरं करायचं. फेसालाच औषध समजून थांबलं तर पाणी कमी पडतं आणि औषध दाट होतं, हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. सोलापुरात मे महिन्यात नळाचं पाणीसुद्धा हाताला कोमट लागतं, म्हणून पाणी खरंच गार झालंय ना, याचाही तुम्ही आग्रह धरलात.

हे औषध पावडर म्हणून का येतं, याचंही कारण तुमच्याकडून कळलं. पाणी लागलं की यातलं दुसरं औषध, क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिड, हळूहळू बिघडायला लागतं. म्हणून कालवलेली बाटली फ्रीजमध्ये, तीही दारात नाही तर आतल्या कप्प्यात, आणि बर्फाच्या कप्प्यात तर अजिबात नाही. सात दिवसांनी उरलेलं टाकून द्यायचं. प्रत्येक औषधाचं असं नसतं, काही बाहेरही चालतात, म्हणून लेबल वाचायचं. वीज गेली तर फ्रीज सारखा उघडायचा नाही, आणि बराच वेळ आली नाही तर तुम्हाला विचारायचं. आमच्या भागात वीज कशी जाते ते तुम्हाला ठाऊक आहे, म्हणूनच तुम्ही न विचारता हे सांगितलंत.

पाजायची रीत तर मी मुद्दाम सविस्तर लिहिते, कारण माझ्या पिढीतल्या बायकांनी ती वाचावी. नाक दाबलं की तोंड उघडतं, हे आम्ही मुलांना औषध पाजताना शब्दशः करायचो. मांडीवर आडवं पाडून, दोघींनी हातपाय धरून. तुम्ही शांतपणे सांगितलंत की रडताना असं ओतलेलं औषध श्वासनलिकेत जाऊ शकतं. मुलाला उठवून बसवायचं. बिनसुईची सिरिंज गालाच्या आतल्या बाजूला ठेवायची, घशाच्या रोखानं नाही, आणि थोडं थोडं सोडायचं, त्याला गिळायला वेळ द्यायचा. पहिल्या दिवशी तोंड घट्ट मिटणारा आमचा नातू नंतर स्वतः सिरिंज धरायला मागू लागला. दुधाच्या पेल्यात मिसळू नका, हेही तुमचंच. पेला अर्धा राहिला तर औषध किती पोटात गेलं ते कळणार कसं? जेवणाच्या सुरुवातीला दिलं तर पोटाला त्रास कमी होतो, हे मी स्वतः पाहिलं. घरातला चमचा मात्र तुम्ही साफ नाकारलात. पोह्यांचा वेगळा, चहाचा वेगळा, त्यात एमएल कसले मोजणार!

आमच्याकडे सकाळी मी असते, संध्याकाळी मुलगा किंवा सूनबाई. मी दिलेला डोस त्यांनी पुन्हा द्यायचा, किंवा सगळ्यांनी दुसऱ्यानं दिला असेल म्हणून सोडायचा, अशी वेळ घरोघरी येते. तुम्ही एक कागद दिलात, त्यावर तारीख आणि सकाळ-संध्याकाळ अशी घरं आखून. तो फ्रीजच्या दारावर होता. देणाऱ्यानं तिथंच खूण करायची. एखादा डोस चुकला तर पुढच्या वेळी दोन मिळून द्यायचे नाहीत, लगेच उलटी झाली तर परत पाजायच्या आधी डॉक्टरांना विचारायचं. मधे दोन-तीन पातळ जुलाब झाले तेव्हा मी घाबरून तुम्हाला फोन केला. तुम्ही खेळतोय का, लघवी होतेय का, शौचात रक्त नाही ना, असं एकेक विचारलंत, ओआरएस द्यायला सांगितलंत आणि "अंगावर गांधी आल्या, चेहरा सुजला किंवा धाप लागली तर थांबू नका, सरळ दवाखाना" हेही बजावलंत. ताप गेल्यावर औषध बंद करू का, या प्रश्नाला तुमचं उत्तर एकच होतं: ते डॉक्टरांनी ठरवायचं, आपण नाही.

आणखी एक गोष्ट मी तिथं उभी असताना पाहिली. एक गृहस्थ रिकामी बाटली घेऊन आले, मुलीला सर्दी झाली म्हणून तेच अँटिबायोटिक मागत होते. चिठ्ठी नव्हती. तुम्ही त्यांना सांगितलंत की साधी सर्दी विषाणूमुळे होते, तिच्यावर हे चालत नाही, आणि चिठ्ठीशिवाय देताही येत नाही. ते रागावून निघून गेले. गिऱ्हाईक गेल्याची चिडचिड तुमच्या चेहऱ्यावर दिसली नाही. माझ्या मते ती त्या मुलीवर केलेली माया होती, तिच्या वडिलांना ती कळली नसली तरी.

सूनबाईनं नंतर सांगितलं की रुग्णाला औषध समजावून सांगणं हे फार्मासिस्टचं कर्तव्य असल्याचं 2015 च्या फार्मसी प्रॅक्टिसच्या नियमांतच आहे. असेल. पण मी इतकी वर्षं मेडिकलच्या पायऱ्या चढते आहे, आणि बाटली पिशवीत टाकून सुट्टे पैसे मागणारेच जास्त भेटले. म्हणून तुमचं करणं मला मोठं वाटतं, आणि ते सगळीकडे व्हावं अशी माझी कळकळीची इच्छा आहे.

तो आखलेला कागद मी जपून ठेवला आहे. शेजारची लेक बाळंतपणासाठी आली आहे, तिला थोरलं तीन वर्षांचं आहे. तिलाही तुमच्याकडे पाठवते. सिरिंज कशी धरायची ते तिलाही करून दाखवा.

तुमच्या हाताला यश असू दे.

तुमची,
कान दुखणाऱ्या नातवाची आजी, सोलापूर