मुलांनी एकमेकांचे निबंध तपासावेत का?

लीड्स, इंग्लंड

तीर्थरूप आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

तुझ्या वर्गात हे करून पाहण्याबद्दलची तुझी शंका रास्त आहे. मुलांना एकमेकांचे निबंध तपासायला दिले, तर कोल्हापुरात काय आणि इथे काय, मैत्रीखातर गुण वाटले जाण्याची भीती राहतेच. मात्र फाल्चिकोव्ह आणि गोल्डफिंच या संशोधकांनी 2000 साली 48 अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा विद्यार्थ्यांनी व शिक्षकांनी दिलेले गुण यांतील सरासरी सहसंबंध 0.69 निघाला (1 म्हणजे पूर्ण मेळ), म्हणजे दोन्ही बरेच जुळले. भाषा, मांडणी, संदर्भ असे निरनिराळे गुण मागण्यापेक्षा, निकष नीट समजावून एकच एकत्रित गुण मागितला, तर तो शिक्षकांच्या गुणांशी अधिक जुळतो, असेही त्यांना आढळले. रकाने वाढवले की तपासणी काटेकोर झाली, असे मानणाऱ्या आपल्या परीक्षा विभागांना हे रुचणार नाही.

तरीही मी मुलांकडे गुण मागतच नाही. प्रत्येक कच्चा निबंध नावाऐवजी क्रमांक घालून दोघांकडे जातो; लेखकाचे मुख्य म्हणणे त्यांनी एका वाक्यात लिहायचे, ते कोणत्या पुराव्यावर उभे आहे हे दाखवायचे आणि एक बदल सुचवायचा. त्याआधी एक तास आम्ही दोन नमुना निबंध मिळून वाचतो व मते कुठे वेगळी पडतात यावर बोलतो. हा तास गाळला, तर ‘छान लिहिले आहे’ यापलीकडे काही हाती लागत नाही. लुंडस्ट्रॉम आणि बेकर यांनी 2009 मध्ये इंग्रजी शिकणाऱ्या परभाषक विद्यार्थ्यांवर केलेल्या अभ्यासात, मिळालेला अभिप्राय वापरायला शिकलेल्यांपेक्षा अभिप्राय द्यायला शिकलेल्यांचे लेखन अधिक सुधारले. तालमीत दुसऱ्यांची जोड बघता बघता नव्या पोराला डाव कळू लागतो, त्यातलाच हा प्रकार. ‘तपासणे हे शिक्षकांचे काम, त्याचा पगार त्यांना मिळतो’ ही कुरकुर इथेही होते; म्हणून मुलांनी लिहिलेले अभिप्राय मी स्वतः वाचते आणि थोडे गुण त्या अभिप्रायांसाठीच ठेवते.

तू अंतर्गत मूल्यमापनाचे गुण स्वतःच्याच हाती ठेव. निबंध वाटताना शेजारच्या बाकावरची जोडी टाळ, आणि अभिप्राय मराठीतच लिहू दे. गारगोटी-कागलकडची मुले तास संपताच एसटी गाठायला पळतात, तेव्हा हे काम घरी न देता वर्गातच उरकावे लागेल. सूचनांचा एक पानी मसुदा मी रविवारपर्यंत पाठवते. तुझ्या विषयाला न लागणारे त्यातून खोडून टाक.

तुझी,
धाकटी