फोटो काढता, पण तो देता कधी?

महोदय,

गेली बावीस वर्षे मी बहुतेक रविवारी सकाळी पुण्यातील महात्मा फुले मंडई, तुळशीबाग आणि बोहरी आळी या परिसरात कॅमेरा घेऊन हिंडतो. ही निव्वळ हौस असून तिच्यातून मला आजवर एक रुपयाही मिळालेला नाही. अलीकडे मात्र कॅमेरा पिशवीतून बाहेर निघताच ‘कशासाठी काढताय, कुठे टाकणार?’ असे प्रश्न सुरू होतात. गेल्या महिन्यात तर शहरातील एका चौकात कर्तव्यावरील पोलीस शिपायाने मला दोन छायाचित्रे तिथल्या तिथे पुसायला लावली आणि कोणत्या नियमाखाली, असे विचारल्यावर ‘वरून सांगितलंय’ एवढेच उत्तर दिले.

वस्तुतः सार्वजनिक रस्त्यावर छायाचित्र काढण्यावर आपल्याकडे सरसकट बंदी नाही. १९२३ च्या शासकीय गुपिते अधिनियमाखालील निषिद्ध ठिकाणे वेगळी, आणि कोणा स्त्रीचे खासगी क्षण चोरून टिपणे हा तर गुन्हाच आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला, त्यामुळे रस्त्यावरच्या माणसालाही आपल्या चेहऱ्याबद्दल काही म्हणणे असू शकते, हे मला मान्य आहे. प्रश्न एवढाच की ते म्हणणे आधी ऐकायचे की नंतर.

आधी विचारले की छायाचित्र संपते. हमाल पाटी सावरत वळतो, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे असते ते परवानगी मागताच नाहीसे होते आणि त्याच्या जागी ओळखपत्रावरचा चेहरा येतो. म्हणूनच आम्ही लेन्सचा फोकस सात-आठ फुटांवर आधीच स्थिर करून ठेवतो, उन्हाचा अंदाज घेतो आणि तासन्‌तास एकाच कोपऱ्यावर थांबतो. एवढे करूनही शंभरातले एखादे छायाचित्र ठेवण्याजोगे निघते. छायाचित्रकार रघुवीर सिंह यांनी दुकानांच्या काचा आणि आरशांसह टिपलेली मुंबई आठवावी. तिच्यातल्या प्रत्येकाची संमती घेत बसले असते तर ती मुंबई रंगीत फिल्मवर आलीच नसती.

या कष्टाचे फळ कधीकधी वीस वर्षांनी मिळते. २००४ साली लक्ष्मी रस्त्यावर पावसात छत्री उलटलेल्या एका गृहस्थांचे छायाचित्र मी काढले होते. तेव्हा मला छत्रीच दिसली होती. आज पाहणारा प्रत्येक जण त्यांच्यामागच्या एसटीडी-पीसीओच्या पिवळ्या पाटीवर बोट ठेवतो.

लोकांच्या संशयाचा दोष मात्र निम्मा तरी आमच्याकडेच जातो. पालख्या पुण्यात येतात तेव्हा थकून फुटपाथवर झोपलेल्या वारकऱ्याच्या तोंडाशी लेन्स नेणारे आणि डोईवर तुळस घेतलेल्या माउलीला ‘परत एकदा हसा’ म्हणून अडवणारे मी दरवर्षी पाहतो. (माझ्याही हातून सुरुवातीच्या काळात असे घडले आहे, ते लपवत नाही.) भरीस भर म्हणून ही छायाचित्रे केविलवाण्या ओळी जोडून मोबाइलवर फिरवली जातात आणि ज्याचे छायाचित्र, त्याला त्याचा पत्ताही नसतो.

मला यातून बाहेर काढले ते मंडईतल्या एका भाजीवाल्या मावशींनी. ‘फोटो काढता, पण तो देता कधी?’ असे त्यांनी भर गिऱ्हाइकांत विचारले. तेव्हापासून मी छायाचित्र काढल्यावर थांबतो, ते दाखवतो, नको म्हटले तर पुसतो आणि ठेवले तर पुढच्या खेपेस चार बाय सहाची प्रत नेऊन देतो. त्या मावशींची प्रत आज त्यांच्या तराजूमागे देवाच्या तसबिरीशेजारी आहे. काहींच्या प्रती मात्र माझ्याकडेच राहिल्या आहेत, कारण परत गेलो तेव्हा त्या जागी दुसरीच हातगाडी उभी होती.

छायाचित्रणाचे वर्ग चालवणाऱ्यांनी लेन्सबरोबर हा रिवाजही शिकवावा, अशी माझी विनंती आहे. पोलीस प्रशासनानेही कोठे मनाई आहे, कोठे नाही आणि काढलेले छायाचित्र पुसायला सांगण्याचा अधिकार कोणाला आहे, हे मराठीत एका पानावर लिहून जाहीर करावे. ते पान मिळाले तर मी घडी घालून कॅमेऱ्याच्या पिशवीतच ठेवीन.

आपला,
एक हौशी छायाचित्रकार,
पुणे