काकू, आता पाच किलो घ्या!

प्रिय पोरी,

व्यायामाच्या वर्गात सगळ्या जणी तुला मॅडम म्हणतात. माझ्या तोंडून काही ते निघत नाही, चालवून घे. समोरासमोर आभार मानायला गेलं की तू हसतेस आणि पुढचा सेट सांगतेस, म्हणून हे सगळ्यांदेखत लिहिते आहे. नाशिकरोडच्या आणखी चार बायकांनी वाचलं तर चांगलंच.

साठी उलटली की जो तो जपायला सांगतो. सिलिंडर सरकवू नकोस, दळणाचा डबा मुलगा आणेल, माळ्यावर हात घालू नकोस. मायेनेच म्हणतात, पण त्या मायेत माझे हातपाय बसून राहिले. गुडघे दाखवायला गेले तर एका डॉक्टरांनीही हेच सांगितलं, वजन उचलू नका, फक्त चाला. चालत तर होतेच की! हे नोटांच्या प्रेसमधून रिटायर झाल्यापासून आम्ही दोघं रोज संध्याकाळी चालतो. तरी देवापुढे खाली बसले की उठताना कुणाचा तरी हात लागायचा आणि हळदीकुंकवाला गेलं की माझी नजर आधी खुर्ची शोधायची.

तू पहिल्या दिवशी वजनाला हातच लावू दिला नाहीस. बीपी, शुगर, गोळ्या सगळं वहीत उतरवून घेतलंस. हात छातीशी बांधून खुर्चीतून उठायला लावलंस आणि तीस सेकंदांत किती वेळा जमतं ते मोजलंस. मग खुर्चीवरची उठबस, भिंतीला हात टेकून दंड, रबरी पट्टा ओढणं. नंतर कुठे डंबेल आले. आणि तीन किलो सोपं वाटायला लागलं, मी जरा खुशीत आले, तेवढ्यात तू म्हणालीस, "काकू, आता पाच किलो घ्या!"

त्या वाक्याचेच हे आभार आहेत. बाकी सगळे माझं ओझं कमी करत होते, तू वाढवलंस. कारणही सांगितलंस. स्नायूला अवघड गेलं नाही तर तो कशाला वाढेल? तेच वजन वर्षभर हलवलं की वर्षभर माणूस तिथेच. सेट संपताना आणखी दोन-तीनदाच जमेल असं वाटलं पाहिजे. मात्र पाठ वाकली की तिथेच थांबायचं. जोर लावताना श्वास सोडायचा, कोंडून धरला की बीपी चढतो. आणि मधे एक दिवस सुट्टी.

यांचा विश्वास नव्हता. "या वयात कसले स्नायू होतात?" नोटा छापण्यात हयात गेलेला माणूस, आकडा पारखून घेतल्याशिवाय ऐकत नाही. तेव्हा तू बोस्टनचा तो प्रयोग सांगितलास. 1990 साली मारिया फियाटारोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या आसपासच्या लोकांकडून वजनाचा व्यायाम करून घेतला. आठ आठवड्यांत त्यांच्या पायांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली. हे गप्प बसले. तू लगेच हेही सांगितलंस की सुरुवातीची बरीचशी वाढ स्नायू फुगून होत नाही. आहे त्याच स्नायूला मेंदू नीट कामाला लावायला शिकतो. ते मला फार आवडलं. म्हणजे आपल्यात ताकद होती, फक्त निजली होती.

खुर्चीवर बसताना चार आकडे मोजत हळूहळू टेकायला लावायचीस, ते मात्र मला कंटाळवाणं वाटायचं. त्याचा उपयोग या चैत्रात वणीच्या गडावर कळला. 2018 पासून तिथे ट्रॉली आहे, ज्याला गरज असेल त्याने खुशाल बसावं; मी पायऱ्यांनी गेले. चढताना दम लागतो, पण मांडीची खरी परीक्षा उतरताना. प्रत्येक पायरीला मांडीचा स्नायू लांबत लांबत सगळा भार रोखून धरतो. एरवी कठडा धरून आडवी आडवी उतरणारी मी, या वेळी सरळ उतरले. एका पायरीवर नारळाच्या पाण्याने चप्पल सरकली आणि पाय आपसूक सावरला. पाय घसरल्यावर कामाला येणारे स्नायूतले झटपट तंतूच वयाबरोबर आधी झिजतात, असं तू म्हणाली होतीस, ते तिथे आठवलं.

गुडघा पूर्ण बरा झाला असं मी म्हणणार नाही. थंडीत ठणकतो. पण आता तो मला घरी बसवत नाही.

जेवणावरूनही तुझी बोलणी खाल्ली. वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिनं म्हणालीस, आणि किडनीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. दुपारी वरण, उसळ, ताक होतं. रात्री नुसता भात-पिठलं नाही तर चहा-खारी. आता रात्रीही वाटीभर मटकी असते. मिसळ त्यात धरत नाहीस, हा मात्र नाशिककरांवर अन्याय आहे.

हे सोमवारपासून तुझ्याकडे येणार म्हणतात. पासष्टीनंतर आठवड्यातून किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम करावा आणि तोल सांभाळण्याचा तीन दिवस, हे जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं मी त्यांना वाचून दाखवलं. पहिल्याच दिवशी सगळ्यांत जड डंबेल उचलून दाखवायची त्यांना हौस आहे, तेवढं सांभाळ. बीपीची गोळी सकाळीच घेतात. नवे बूट मी घ्यायला लावले आहेत.

तुझी,
सकाळच्या बॅचमधली काकू