०४ मोठे की ४३?

ठाणे (पश्चिम),
रविवार, दुपार

प्रिय मंदार,

सप्रेम नमस्कार. पत्र मिळालं. काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं हे वाचून जीव भांड्यात पडला. त्यांना जिन्याची घाई करू देऊ नकोस आणि फिजिओथेरपीला कंटाळू देऊ नकोस.

आता तुझ्या मूळ विषयाकडे येतो. आपल्या बाईकवाल्या कंपूत ०४ वाले (ठाण्याचे, गाडीचा नंबर MH-04) आणि ४३ वाले (नवी मुंबईचे, MH-43) यांच्यात अनुभवी कोण यावरून चाललेलं भांडण तू अगदी शब्दशः उतरवलंयस. ४३ वाले म्हणतात, ठाण्याच्या पोरांना चौथा गिअर असतो हेच ठाऊक नाही, माजिवड्यापासून मानपाड्यापर्यंत सगळं पहिल्या-दुसऱ्यातच. त्यावर ०४ वाल्यांचं उत्तर, नवी मुंबईच्या पामबीच रोडवर सरळ रेषेत गाडी पळवायला येतं काय, एक्सलेटरचा कान पिळला की झालं. त्यातच बुलेटवाल्यांची आणि केटीएम ड्यूकवाल्यांची वेगळी जुंपलेली, आणि जुन्या यामाहा आरएक्स १०० वाला दोघांनाही मोजत नाही. चिडवाचिडवी जरूर चालू दे, तिच्यामुळेच रविवारी पहाटे सगळे वेळेवर हजर होतात. पण 'अनुभव कोणाचा जास्त' हे ठरवायला तुम्ही जी मापं लावताय, म्हणजे मीटरवरचे किलोमीटर, टॉप स्पीड आणि केलेल्या घाटांची यादी, ती मला साफ नामंजूर आहेत.

आधी गाड्यांचं भांडण मिटवू. जुन्या ३४६ सीसी बुलेटचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ७० मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ९० मिमी. नव्या ३५० चा ७२ आणि ८५.८. पिस्टनची धाव लांब, फ्लायव्हील (इंजिनाची लय टिकवणारं फिरतं चाक) जड, म्हणून ताकद खालीच मिळते: नव्या इंजिनाचा २७ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे चाक फिरवण्याचा जोर, ४,००० आरपीएमलाच (मिनिटाला इंजिनाचे फेरे) हातात येतो. २०१७ च्या ३९० ड्यूकचं नेमकं उलटं. बोअर ८९, स्ट्रोक फक्त ६०, आणि पूर्ण ताकद ९,००० आरपीएमला. त्या वेगाला ड्यूकचा पिस्टन सरासरी १८ मीटर प्रति सेकंद धावतो. बुलेटचा लांब स्ट्रोक तेवढ्याच आरपीएमला फिरवला तर हाच आकडा २६ च्या जवळ जाईल, आणि तो ताण ते इंजिन सोसणार नाही. म्हणजे बुलेट 'पळत नाही' हा दोष नव्हे, ती त्यासाठी बांधलेलीच नाही. आणि ड्यूक टॉप गिअरमध्ये २,५०० ला धक्के देत चेन आपटते, तोही दोष नव्हे, चालवणाऱ्याने दोन गिअर खाली यायला हवं होतं.

आरएक्स १०० च्या पिकअपचं कौतुक खरं आहे. ९८ सीसीचं टू-स्ट्रोक, प्रत्येक फेऱ्याला एक स्फोट, ११ बीएचपी, आणि गाडीचं वजन जेमतेम शंभर किलोच्या घरात. मात्र टू-स्ट्रोकला इंजिन ब्रेकिंग, म्हणजे रेस सोडल्यावर इंजिनानेच गाडीला रोखणं, जवळजवळ नसतं. माळशेज उतरताना सगळा भार ड्रम ब्रेकवर येतो आणि लायनर तापले की ब्रेक विरघळल्यासारखे वाटतात. शिवाय तिचा ऑइल पंप एक्सलेटरशी जोडलेला. एक्सलेटर पूर्ण बंद ठेवून लांब उतार उतरला की तेलही कमी मिळतं, म्हणून अधूनमधून हलकी रेस द्यायची. आरएक्सवाल्याला हे माहीत असेल तर तो मुरलेला आहे असं मी मानेन, किती वेगाने बुलेटला कट मारतो यावरून नाही. स्प्लेंडरवाल्याला दूधवाला म्हणणं मात्र बंद करा. बारीक टायर आणि ड्रम ब्रेक घेऊन रोज शिळफाट्यावरून जाणारा माणूस रस्ता फार बारकाईने वाचत असतो.

आता ०४ आणि ४३. माझं मत असं की दोन्ही रस्ते अर्धा-अर्धा अनुभव देतात आणि दोघंही आपल्या अर्ध्याला पूर्ण समजतात.

घोडबंदर रोड पृष्ठभाग वाचायला शिकवतो. मेट्रोच्या कामाचे बॅरिकेड, रस्त्यावर टाकलेल्या लोखंडी प्लेटा, डांबर आणि पेव्हर ब्लॉक जुळतात तिथली उंच कडा. ही कडा तिरकी, गाडीच्या दिशेला जवळजवळ समांतर ओलांडली की पुढचं चाक तिच्या कडेकडेने घसरत जातं आणि हँडल हातातून सुटतं, म्हणून जमेल तितकी काटकोनात घ्यायची. ओल्या प्लेटेवर ब्रेक नाही, रेस नाही, वळण नाही: जे करायचं ते आधी करून सरळ जायचं. झेब्रा क्रॉसिंगच्या पांढऱ्या पट्ट्यांना आणि उड्डाणपुलाच्या लोखंडी जॉइंटलाही हाच नियम. गायमुखच्या चढावर आणि मुंब्रा बायपासच्या वळणांवर ट्रकच्या गच्च भरलेल्या टाकीतून डिझेल सांडतं आणि ते वळणाच्या बाहेरच्या बाजूला पसरतं. ओल्या रस्त्यावर इंद्रधनुष्यासारखी झाक दिसते, कोरड्यावर नुसता काळा डाग, पण त्याआधी नाकाला कळतं. हेल्मेटची काच जरा उघडी ठेवणारे ०४ वाले उगाच ठेवत नाहीत. पहिल्या पावसाचा पहिला अर्धा तास सगळ्यात वाईट, कारण महिनोन्‌महिने साचलेलं तेल आणि रबराची धूळ पाण्यावर तरंगते. तासभर जोरात कोसळला की तोच रस्ता पुष्कळ सुधारतो.

तुमच्या नवी मुंबईच्या बाजूचा धडा वेगळा आहे. पामबीच, ठाणे-बेलापूर रोड आणि सायन-पनवेल हायवे अंतराचा हिशेब शिकवतात. वेग दुप्पट झाला की ब्रेकचं अंतर चौपट होतं, हे सगळ्यांना पाठ असतं आणि पायात कोणाच्याच नसतं. चांगले टायर आणि कोरडा रस्ता असेल तर ४० च्या वेगाला ब्रेक लागल्यापासून साधारण ९ मीटर, ६० ला २० मीटर, ८० ला ३६ मीटर. त्यात डोळ्याने पाहून हात हलेपर्यंतचा एक सेकंद धर: ४० ला ११ मीटर, ८० ला २२. म्हणजे ८० वर कोरड्यात एकूण ५८ मीटर आणि ओल्यात ८५ च्या आसपास. ठाण्याचा रायडर मोकळ्या रस्त्यावर आला की इथेच फसतो, त्याचं अंतर अजून ठाण्यातल्या गर्दीच्या तीन हात नाक्याचंच असतं. कळंबोलीकडे जाणाऱ्या कंटेनर ट्रेलरांचंही तसंच. ट्रेलर डावीकडे वळताना मागची चाकं पुढच्या चाकांच्या मार्गाने येत नाहीत, आत कापत येतात. त्याच्या डाव्या कुशीत शिरलेली बाईक ड्रायव्हरला आरशात दिसत नाही. त्याचा आरसा तुला दिसत नसेल तर तू त्याला दिसत नाहीस, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

म्हणून माझी सूचना: वाद मैदानात मिटवा. रस्त्यावर अजिबात नाही, पामबीचवर तर मुळीच नाही. रीतसर परवानगी घेतलेलं एखादं सपाट डांबरी आवार, सकाळची वेळ, पूर्ण हेल्मेट, हातमोजे, घोटे झाकणारे बूट. तीन परीक्षा. प्रत्येकाला तीन संधी आणि तिन्हींची सरासरी धरायची. सर्वोत्तम धरायची नाही, कारण रस्त्यावर आपली सर्वोत्तम खेप निवडायला मिळत नाही.

पहिली, हळू चालवण्याची. १५ मीटर लांब, एक मीटर रुंद पट्टा फक्कीने आखायचा. पाय टेकला किंवा रेघ ओलांडली की बाद. ज्याला जास्त वेळ लागेल तो जिंकला, २० सेकंदांच्या वर गेला तर हात मुरलेला समजायचा. पहिला गिअर, रेस एकाच जागी किंचित वर, क्लच हाफवर, आणि मागचा ब्रेक अगदी हलका दाबून ठेवलेला. वेग क्लचने आणि मागच्या ब्रेकने कमी-जास्त करायचा, रेस हलवायची नाही. चुका ठरलेल्या: क्लच पूर्ण दाबला की चाकाची ओढ जाते आणि गाडी आडवी व्हायला बघते, पुढच्या चाकाकडे पाहिलं की तोल जातो, आणि हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक चिमटीत आला की गाडी जमिनीवर. जड फ्लायव्हीलमुळे बुलेटवाल्यांना हे सोपं जाईल, ड्यूकवाल्यांचं इंजिन बंद पडेल, तेवढ्यावरून त्यांना दुखवू नका. दर दोन-तीन खेपांनंतर क्लचला थंड होऊ द्या, जळका वास आला तर लगेच थांबा.

दुसरी, यू-टर्न. लहान गाड्यांना २० फूट रुंदी, जड गाड्यांना २४. गाडी आत झुकवायची, अंग बाहेरच्या बाजूला सरळ ठेवायचं आणि मान वळवून जिथे बाहेर पडायचंय तिथे पाहायचं. इथे नजर जाते तिथेच गाडी जाते. वेगात वळताना मात्र हिशेब उलटा: साधारण २५ च्या पुढे उजवीकडे जायचं तर उजवं हँडल हलकं पुढे ढकलायचं, गाडी आपोआप उजवीकडे झुकते. हे सगळे नकळत करतात, पण घाटात वळण अचानक आवळलं की नेमकं विसरतात आणि हँडल ओढत बसतात.

तिसरी सगळ्यात महत्त्वाची, ब्रेकची. ४० च्या वेगाने रेघेपर्यंत यायचं, रेघेवर ब्रेक, आणि पुढचं चाक थांबेल तिथपर्यंत टेपने मोजायचं. वेग फोनच्या जीपीएसवर पाहा, गाडीचा मीटर बहुधा खऱ्यापेक्षा जास्त दाखवतो आणि प्रत्येक गाडीत तो फरक वेगळा. १० मीटर उत्तम, १२ ठीक. २० मीटर लागले तर समजायचं की माणूस नुसता मागचा ब्रेक मारतोय. कंपूतले निम्मे लोक तेच करतात असा माझा अंदाज आहे, त्यात वीस वर्षं गाडी चालवणारेही आले. ब्रेक लागला की वजन पुढे सरकतं, मागचं चाक हलकं होतं आणि पकड बरीचशी पुढच्या टायरकडे जाते. पण पुढचा ब्रेक झटक्यात आवळायचा नाही. आधी लिव्हर हलकेच दाबून पुढचे शॉकअप खाली बसू द्यायचे, टायर रस्त्यावर दाबला जाऊ द्यायचा, मग दाब वाढवत न्यायचा आणि थांबता-थांबता थोडा सैल करायचा. हे सगळं एका सेकंदाच्या आत. वजन पुढे यायच्या आधीच लिव्हर आवळली तर चाक लॉक होतं आणि मग 'पुढच्या ब्रेकने माणूस उडतो' ही अफवा आणखी एकाला पटते. एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून सक्तीचं आहे, पण सिंगल चॅनल असेल तर ते फक्त पुढच्या चाकाला, मागचं चाक लॉक होऊ शकतंच. सुरुवात २० च्या वेगाने करा, मग ३०, मग ४०. सरळ गाडी, सरळ हँडल.

त्याआधी प्रत्येक गाडी तपासून घ्या, नाहीतर हरलेला गाडीवर खापर फोडेल. टायरची हवा थंड टायरमध्ये, पुस्तिकेतल्या आकड्याप्रमाणे. टायरवरचे चार आकडे बघा, ३५२२ म्हणजे २०२२ सालचा पस्तिसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी जुना टायर कडक होतो आणि ओल्यात धरत नाही. चेनचा ढिलेपणा खालच्या बाजूच्या मधोमध मोजा, बहुतेक गाड्यांना २५ ते ३५ मिमी. चाक फिरवत जिथे चेन सगळ्यात ताठ होते तिथे मोजा, नाहीतर आकडा फसवतो. फार ताठ ठेवली की डबलसीट खड्ड्यात आपटताना ती आणखी ताणली जाते आणि गिअरबॉक्सच्या बाहेरच्या शाफ्टचं बेअरिंग खाते. ड्रम असेल तर ब्रेक प्लेटवरचा बाण बघा, पूर्ण ब्रेक दाबल्यावर तो खुणेला टेकला तर लायनर संपले. डिस्क असेल तर ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदलायलाच हवं. ते हवेतली ओल शोषतं, घाटाच्या उतारावर तापून त्यात वाफ होते आणि लिव्हर मऊ पडून हँडलला टेकते.

माळशेजचं तू विचारलंस. कल्याण, मुरबाड, सरळगाव, टोकावडे या रस्त्याने जा. पुढे सगळ्यात जाणता, त्याच्या मागे सगळ्यात नवखा, आणि सगळ्यात शेवटी दुसरा जाणता. नवख्याला शेवटी ठेवलं की तो गाठण्यासाठी शक्तीबाहेर पळवतो, आणि सगळे अपघात त्या 'गाठण्यात' होतात. रांग एकाआड एक ठेवा, तिरक्यातल्या गाडीपासून एक सेकंदाचं अंतर, सरळ पुढच्या गाडीपासून दोन सेकंदांचं. घाटात तिरकी रांग मोडून एकामागे एक व्हा. आणि पुढच्याच्या टेललाइटकडे पाहत वळण घेऊ नका, त्याने चूक केली तर तुम्हीही तीच करता. ०४ ने ४३ ला किंवा ४३ ने ०४ ला घाटात ओव्हरटेक करायचं नाही, हे निघायच्या आधी सगळ्यांच्या तोंडून वदवून घे. पावसाळ्यात दरड आणि धुक्यामुळे घाट कधीकधी बंद केलेला असतो, निघताना चौकशी कर.

तुझा अंदाज मला ठाऊक आहे, पण माझाही सांगतो: हळू चालवण्यात ०४ पुढे राहतील, ब्रेकमध्ये दोन्हीकडचे सारखेच मागे पडतील, आणि स्प्लेंडरवाला तिन्हींत वरच्या तिघांत येईल.

फक्की आणि ३० मीटरची टेप मी आणतो. तू मैदानाच्या परवानगीचं बघ आणि सगळ्यांना हेल्मेटचा पट्टा नीट बसतो का ते आधीच तपासायला सांग, पट्टा आणि हनुवटीमध्ये दोन बोटांपेक्षा जास्त जागा नको. तारीख ठरली की कळव.

काकूंना नमस्कार, वहिनींना आणि छोटीला आशीर्वाद.

तुझा,
नितीन