‘समजले’ आणि ‘येते’ यांतले अंतर

मा. संपादक,
स.न.वि.वि.

इंटरनेटवर शिकायला सगळे फुकट मिळते, हवी फक्त जिद्द, असे सर्रास म्हटले जाते. पण जिद्दीने बसणारेही अडतात आणि वर आळशी ठरतात. हा अन्याय आहे. डोळ्यांखालून गेलेले आणि हाताला आलेले यांतला फरक एकट्याने शिकणाऱ्याला जाणवतच नाही, ही खरी अडचण आहे.

क्ष² + ६क्ष = ७ हे समीकरण घ्या. व्हिडिओतले शिक्षक ६ चे निम्मे ३, त्याचा वर्ग ९, तो दोन्ही बाजूंना मिळवतात; (क्ष + ३)² = १६, म्हणून क्ष = १ किंवा −७. पाहताना सगळे पटते. तासाभराने कोऱ्या कागदावर क्ष² + १०क्ष = ११ घेतले की कुणी पुन्हा ९ च मिळवतो, कुणी २५ मिळवतो पण फक्त डावीकडे. ९ कुठून आला, हा प्रश्न पाहताना पडलेलाच नसतो.

रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगांत उतारा पुन्हा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे होते, आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिणारे. आणि आपल्या लक्षात राहील याची खात्री जास्त होती ती वाचणाऱ्यांनाच!

त्यात भर एकाच विषयाच्या चार व्हिडिओंची. नवख्याच्या डोक्यात एका वेळी जेमतेम तीन-चार नव्या गोष्टी मावतात. प्रत्येक शिक्षकाची मांडणी वेगळी असली की ती जुळवण्यातच ताकद संपते. आधी काय शिकावे हे ठरवायलाही विषय थोडा यावा लागतो, म्हणून क्रम एखाद्या पाठ्यपुस्तकाच्या अनुक्रमणिकेचा घ्यावा.

पाच-सात मिनिटांनी व्हिडिओ थांबवून पडदा झाकावा, पाहिलेले न बघता लिहावे, मग आकडे बदललेले उदाहरण सोडवावे. तेच दुसऱ्या दिवशी आणि आठवड्याने पुन्हा. व्हिडिओ चालू असताना उतरवून घेतलेली टिपणे यात धरू नयेत, ती नक्कल असते. अडल्यावर लगेच दुसरा व्हिडिओ न लावता नेमकी कोणती पायरी कळली नाही, ते एका वाक्यात लिहावे. पुष्कळदा चूक तिथेच सापडते.

अभ्यासक्रम तयार करणाऱ्यांना विनंती, की व्हिडिओ संपला म्हणून ‘धडा पूर्ण’ अशी खूण करू नये. आधी एक न सोडवलेले उदाहरण द्यावे, आणि विद्यार्थ्याने स्वतःचे उत्तर लिहीपर्यंत त्याची रीत झाकून ठेवावी.

आपला,
एक शिक्षक