तुझ्या मैत्रिणीचा देश कोणता?

खानापूर, जि. बेळगाव

चि. मृणाल हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. ‘तुम्ही घरी इंडियन भाषा बोलता का?’ असे वर्गातल्या मुलीने विचारल्याचे तुला फार लागले, हे वाचून तुझी आईही हळहळली. पण पुण्याला गेलो की ‘कर्नाटकातले असून इतके चांगले मराठी कसे बोलता?’ हा प्रश्न मला आजही ऐकावा लागतो. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा सीमा हलली, आपले घर आणि भाषा जागीच राहिली, हे आपल्याच भाषेच्या माणसांना ठाऊक नसेल, तर त्या परक्या मुलीला काय बोल लावायचा?

मला मात्र पत्रातली दुसरीच गोष्ट खटकली. खोलीतल्या मैत्रिणीला तू चारदा ‘आफ्रिकेची मुलगी’ म्हटले आहेस. तिच्या देशाचे नाव एकदाही नाही. आफ्रिकेत ५४ देश आहेत आणि एकट्या नायजेरियात ५०० हून अधिक भाषा बोलल्या जातात. मर्केटर नावाच्या नकाशाकाराने १५६९ मध्ये दर्यावर्दींसाठी आखलेल्या पद्धतीच्या नकाशात ध्रुवांकडचा भूभाग फुगत जातो, त्यामुळे ग्रीनलंड आफ्रिकेएवढे दिसते. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदापट आणि आपल्या भारताच्या नऊपट मोठी आहे. तीस वर्षे मी असाच नकाशा फळ्यावर टांगून छडीने देश दाखवले, पण मुलांना हे कधी सांगितले नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

लहानपणी आठवड्याच्या बाजारात पानाच्या द्रोणात जांभळे घेऊन बसणारी सिद्दी मावशी तुला आठवते ना? तू तिच्याशी मराठीत घासाघीस करायचीस आणि ती हसून मूठभर जांभळे जास्त घालायची. आपल्या तालुक्यात आणि हल्याळ, यल्लापूरच्या रानात राहणाऱ्या या लोकांचे पूर्वज कित्येक शतकांपूर्वी आफ्रिकेतून आले, त्यांतले अनेक गोव्याच्या पोर्तुगिजांनी आणलेले गुलाम होते. इतकी वर्षे तिच्याकडून जांभळे घेतली, पण तुमचे मूळ कुठले, घरी जुन्या माणसांकडून काय ऐकलेत, असे मी तिला एकदाही विचारले नाही.

तेव्हा तुझ्या मैत्रिणीचा देश, तिचे गाव आणि तिच्या घरची भाषा विचारून मला सविस्तर कळव. मी अ‍ॅटलास काढून ठेवला आहे. सोबत बेळगावचा कुंदा पाठवतो आहे, त्यातला अर्धा डबा तिचा.

तुझा,
बाबा