सुमे, सोमवारी उत्तर द्यायचंय

सांगली,
मंगळवार

प्रिय सुमन,

फोनच करणार होते. पण फोनवर तू मला दोन वाक्यं सलग बोलू देत नाहीस, आणि हे सलग सांगितल्याशिवाय कळायचं नाही. गुडघा बरा आहे, यांची शुगर आहे तशीच, सासूबाई ठणठणीत. आता मुद्द्याचं.

आमच्या सुपरमार्केटात मला फ्लोअर मॅनेजर करतायत.

गेल्या आठवड्यात कोल्हापूरहून एरिया मॅनेजर आले होते. त्यांनी गोडाऊनच्या मागच्या खोलीत बोलावलं आणि म्हणाले, "मॅडम, किराणा तुम्ही सांभाळलात, आता सगळा मजला सांभाळा." मॅडम म्हणाले गं! कापड पेठेतल्या आपल्या जुन्या दुकानात शेठ आपल्याला "ए पोरी" सोडून कधी हाक मारायचे नाहीत, आणि माई तर तुला "ती उंच" एवढंच म्हणायच्या.

आमच्याकडं वर चढायचं म्हणजे काय असतं, ते तुला माहीत नाही, कारण तू काउंटर सोडलास तेव्हा बारकोड यायचा होता. गिऱ्हाईकाशी गोड बोलणारी पोरगी कॅशवर जाते आणि तिथंच राहते. ज्याला माल कळतो तो पुढं जातो. गाडी आली की इनवर्ड मोजायचं, जुन्या तारखेचा माल पुढं आणि नवा मागं लावायचा, नजरेच्या उंचीवर काय ठेवायचं नि खाली काय, हे ठरवायचं. मी ते सगळं रात्रीच्या स्टॉक मोजणीत शिकले, कारण मोजणीला थांबायला कुणी तयार नसायचं. २०२५ च्या २२ सप्टेंबरला जीएसटी उतरला, साबण, शाम्पू, टूथपेस्ट १८ वरून ५ टक्क्यांवर आलं, तेव्हा आदल्या रात्री माझ्या पोरांनी रॅकवरच्या रेटपट्ट्या बदलल्या आणि सकाळी शटर वर गेलं तेव्हा रॅकवर एक नि बिलात एक असं कुठंही झालं नाही. साहेबांनी तेच लक्षात ठेवलं होतं. मला अभिमान वाटला, आणि तुला सांगायला लाज कसली?

पण मग त्यांनी कागद पुढं केला.

पगार साडेचार हजारांनी वाढणार. त्यात एक मेख आहे. पगार २१ हजारांच्या वर गेला की ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, बंद होतं. माझ्या पगारातून पाऊण टक्का जातो, पण त्या कार्डावर यांच्या गोळ्या नि तपासण्या निघतात. म्हणजे वाढीतले दीड-दोन हजार औषधांत गेलेच म्हणून समज. वर्षभरानं बदली, राज्यात कुठंही. लातूर म्हणाले तर लातूर. यावर घरी दोन रात्री खल झाला. हे म्हणाले, "तू जा, मी नि आई भाकरी थापू." यांची भाकरी तू खाल्लीयस, त्यामुळं सासूबाईंचा चेहरा काय झाला असेल ते तुला सांगायला नको.

या दोन्हींतून वाट निघेल. तिसरी अट मात्र माझ्या घशाखाली उतरत नाही. दर ऑडिटला जो माल कमी भरेल, त्याची वसुली स्टाफच्या पगारातून, आणि कुणाकडून किती कापायचे ती यादी फ्लोअर मॅनेजरच्या सहीनं वर जायची.

सुमे, ही यादी. म्हणून तुलाच लिहितेय.

माल कमी का भरतो ते मी रोज बघते. गिऱ्हाईक शेंगदाणे, काजू तोंडात टाकत पुढं जातं. सप्लायरच्या पेटीत एक नग कमी येतो आणि गर्दीत कुणी पेटी फोडून मोजत नाही. फुटलेली बाटली नोंद न करता कचऱ्यात जाते. चोऱ्याही होतात, नाही असं नाही. आणि सगळ्यात जास्त होतं ते कॅशवर. परवाचंच बघ. एका बाईनं चार साबण घेतले, दोन चंदनाचे, दोन हळदीचे, किंमत एकच. मागं रांग ट्रॉल्यांनी तुंबलेली. प्रतीक्षानं हातातला चंदनाचा एकच साबण चारदा टिंग-टिंग केला. बिल बरोबर, पैसे बरोबर. पण कॉम्प्युटरच्या हिशेबी चंदनाचे चार गेले नि हळदीचा एकही नाही. महिनाअखेरीस हळदीचे दोन कमी निघणार नि चंदनाचे दोन जास्त. जास्तीचे कुणी हिशेबात धरत नाही, कमीचे मात्र साबणाचा रॅक सांभाळणाऱ्या होमकेअरच्या पोराच्या नावावर लागतात. तो पोरगा कुपवाडहून सायकलवर येतो, आणि त्यानं त्या साबणाला हातही लावलेला नसतो.

मागच्या ऑडिटला त्याचे अकराशे कापले. तो काही बोलला नाही, रॅक पुसत राहिला. मला तुझी इरकल आठवली.

तेव्हा ती साडी कमी भरली म्हणून शेठनी तुझे पैसे कापले, आणि दसऱ्याच्या आवराआवरीत तीच साडी अस्तराच्या खोक्यात सापडली, तरी मुनीमकाका म्हणाले, "आता हिशेब बंद झाला." तू त्याच दिवशी पिशवी उचललीस आणि मीही यावं म्हणून पेठेच्या तोंडाशी उभी राहिलीस. मी आले नाही. त्यावरून अख्खी लगीनसराई तू माझ्याशी बोलली नाहीस. मला घरी पगार द्यायचा होता आणि मी थांबले ते बरोबरच केलं, हे आजही सांगेन. पण कापले ते चूक होतं, हेही तेव्हापासून सांगतेय. आणि २०१९ च्या पुरात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, शेठच्या दुकानात वरच्या फळीपर्यंत चिखल होता, भिजल्या साड्या रस्त्यावर मातीमोलानं विकल्या. तेव्हा त्याच शेठनी एकाही पोरीचा पगार कापला नाही. धंद्याचा तोटा मालकाचा असतो, हे त्यांना कळत होतं. मग दोन साबणांचा तोटा पोराचा कसा?

भाच्याला विचारलं, वकिली शिकतोय तो. त्यानं दाखवलं की १९३६ च्या पगाराच्या कायद्यापासून लिहिलेलं आहे: माल ज्याच्या ताब्यात खास सोपवला आणि ज्याच्याच हलगर्जीपणानं गेला, त्याच्याकडूनच कापता येतं, आणि आधी त्याचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. नव्या वेतन संहितेतही ते आहे. सरसकट वाटून लावायचं कुठंच नाही. कायदा आपल्यासाठी कधी हलत नाही असं तू म्हणशील. पण केरळात कोझिकोडच्या दुकानांतल्या बायका नुसतं बसायला मिळावं म्हणून भांडल्या, आणि २०१८ मध्ये तिथला कायदा बदलला. २०२१ मध्ये तमिळनाडूनंही केला. तू काउंटरखाली परकरांचं खोकं ठेवून चोरून बसायचीस, आणि एकदा ते खोकंच फसकन बसलं, माईंसमोर! तुझा तो हक्क असायला हवा होता गं, आपल्याला मागायचं सुचलं नाही एवढंच.

मला पद हवंय. हे तुला स्पष्ट लिहिते, कारण बाकी सगळ्यांना मी "बघू" म्हणतेय. मी नाही घेतलं तर कपड्यांच्या सेक्शनचा तो येईल, जो यादी करायला पाच मिनिटं लावतो. मी घेतलं तर कॅशवर वेगळ्या वासाचे नग वेगळे स्कॅन करायला लावीन, पेट्या दारातच मोजून घेईन, कमी आणि जास्त शेजारी मांडून वर पाठवीन. निम्मी तूट तिथंच मिटेल, मला खात्री आहे. उरलेल्यावर मी कुणाचं नाव लिहिणार नाही. प्रश्न एवढाच, की हे आधी लेखी कळवू, की खुर्चीत बसून पहिल्या ऑडिटला सांगू? आधी सांगितलं तर पद जाईल. नंतर सांगितलं तर "सही करताना वाचलं नव्हतं का?" म्हणतील. माझा कल आधी सांगण्याकडं आहे. हे म्हणतात नंतर.

तुझं काय चाललंय? पिंकीची दहावी ना यंदा, तिला गणितासाठी ओरडू नकोस, तुला तरी कुठं येत होतं. हडपसरची खोली बदलली का? दीर परत आले असतील तर नमस्कार सांग. भडंग पाठवलाय, मसाल्याचा आहे.

पत्र मिळालं की लगेच फोन कर, पण सकाळी साडेनऊच्या आत. नंतर आमचे मोबाईल लॉकरमध्ये जातात. आणि या वेळी निम्म्यातच "सोड ती नोकरी" म्हणू नकोस. आधी की नंतर, तेवढं सांग.

तुझी,
रेखा